ऑइलची पट्टी आधी बघा, डबा मग घ्या

मागच्या गणपतीला डोंबिवलीहून आलेल्या एका दादांच्या पेट्रोल गाडीचं ऑइल भरायचं झाकण मी उघडलं आणि आतून बोट फिरवलं. बोटाला ओल्या काथासारखी जाड, काळी राप लागली. गाडी सात वर्षांची, मीटरवर फक्त ४२ हजार किलोमीटर. दादा म्हणाले, "मिस्त्री, दर दहा हजाराला ऑइल बदलतो, एकदाही चुकवलं नाही." खोटं नव्हतं, सगळी बिलं फाइलला लावलेली होती. तरीही टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे भाग, वाजत होते आणि सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझायला वेळ घेत होता.

चिपळूणला बहादूरशेख नाक्याजवळ माझं गॅरेज आहे. सत्तावीस वर्षं हेच काम करतोय. गणपती आणि शिमगा, या दोन वेळांना मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि दरवर्षी त्यात अशी दोन-तीन इंजिनं असतातच. माणूस पैसे खर्च करतो, गाडीवर जीव लावतो, आणि इंजिन तरी आतून खराब होतं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दादांचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी किलोमीटर मोजले, महिने मोजले नाहीत. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. त्यांची गाडी रोज घर ते स्टेशन आणि परत अशा फेऱ्या मारायची, एका वेळी अडीच किलोमीटर. दहा हजार भरायला पावणेदोन वर्षं लागत होती. इतक्या छोट्या फेरीत इंजिन गरमच होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सुटतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरतं. पेट्रोल जळताना जी वाफ होते तिचंही आत पाणी होतं. इंजिन नीट तापून वीस-पंचवीस मिनिटं चाललं तर हे पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं. अडीच किलोमीटरमध्ये ते तसंच राहतं, काजळीत मिसळतं आणि त्याची राप धरते.

ज्यांची गाडी रोज लांब जाते पण ट्रॅफिकमध्ये रांगते, त्यांच्यासाठी दुसरा हिशोब आहे. शहरात सरासरी वेग ताशी २० धरला तर १०,००० किलोमीटरला इंजिन ५०० तास चालतं. हायवेला सरासरी ५० धरली तर तेच अंतर २०० तासांत संपतं. ऑइल तेच, किलोमीटर तेवढेच, पण एकाचं ऑइल अडीच पट जास्त राबलेलं. म्हणून माझं सांगणं असं: गाडी मुख्यतः छोट्या फेऱ्या किंवा तुंबलेल्या रस्त्यांवर चालत असेल तर पाच-सहा हजारांना किंवा सहा महिन्यांनी ऑइल बदला. पुस्तकाच्या मागच्या पानांवर "कठीण वापर" अशा अर्थाचा एक तक्ता असतो, त्यातही कमी अंतर दिलेलं असतं. तो तक्ता सहसा कुणी उघडत नाही. आज उघडा.

आता ऑइल निवडायचं कसं ते. डब्यावर ५डब्ल्यू-३० असा आकडा असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. आपल्याकडे पौष महिन्यात खोबरेल गोठतं, बाटली उन्हात ठेवावी लागते. गोडेतेल मात्र तसंच ओघळतं. ऑइलचंही थंडीत कुठलं किती जड होतं ते पहिला आकडा सांगतो. लहान आकडा म्हणजे गारठ्यातही पटकन वाहणारं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंश सेल्सिअसला, ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. ४० हे ३० पेक्षा घट्ट, २० हे ३० पेक्षा पातळ. कोकणात बर्फ पडत नाही, त्यामुळे शून्य की पाच यावर मी फार अडून बसत नाही. दुसऱ्या आकड्यावर मात्र अडून बसतो.

जुन्या मिस्त्रींची एक पक्की समजूत होती, माझ्या वडिलांचीही होती: जाड ऑइल म्हणजे इंजिनाला ताकद. त्यांच्या काळातल्या इंजिनांना ते चालायचं. तेव्हा बेअरिंगमध्ये जागा जास्त असायची आणि २०डब्ल्यू-५० टाकलं की आवाज दबायचा. आजच्या इंजिनात बेअरिंग आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) यांच्यातली जागा फार कमी असते. टायमिंग चेनचा ताण ऑइलच्या दाबावर राहतो, व्हॉल्व्ह पुढे-मागे करणारी यंत्रणाही ऑइलवरच चालते. तिथे गरजेपेक्षा जाड ऑइल टाकलं की सकाळी स्टार्ट केल्यावर ते वर हेडपर्यंत पोचायला उशीर होतो. थंड इंजिनाची झीज त्याच वेळी जास्त होते. नव्या मारुतीच्या काही पेट्रोल इंजिनांना तर ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं आहे. ते पाण्यासारखं पातळ दिसतं म्हणून गिऱ्हाईक घाबरतात. घाबरू नका, इंजिन त्या ऑइलच्या मापानेच बनवलेलं आहे. पुस्तकात जो आकडा असेल तोच घ्या. इंजिन लाख-दीड लाख चाललेलं असेल, ऑइल खात असेल आणि पुस्तकात दोन आकडे दिलेले असतील, तर त्यातला घट्ट घ्यायला हरकत नाही. पुस्तकाबाहेर जाऊन घट्ट नको.

आकड्यानंतर अक्षरं बघा. पेट्रोल गाडीच्या डब्यावर एपीआय या अमेरिकन संस्थेचा गोल शिक्का असतो आणि त्यात एसएन, एसपी अशी अक्षरं. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, एसक्यू २०२५ चं. अक्षर पुढचं तेवढं मानक नवं, आणि नवं ऑइल जुन्या गाडीला चालतं. उलटं चालत नाही. टर्बो पेट्रोल असेल तर एसपीच्या खाली येऊच नका. अशा इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला की ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, त्या एका धक्क्याने पिस्टन फुटू शकतो. एसपी ऑइल बनवताना हा धोका कमी करण्याची कसोटी घेतली जाते.

डिझेलवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. काजळी तिथे अडकते आणि गाडी ती ठरावीक वेळाने जाळून टाकते. पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची साठते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचं मानक) सी२ किंवा सी३ असं काहीतरी असतं, तुमच्या पुस्तकात जे असेल ते जुळवा. ट्रकच्या बॅरलमधलं १५डब्ल्यू-४० दोनशे रुपये लिटरने स्वस्त पडतं म्हणून टाकलं, आणि दोन वर्षांत गाळणी बदलायची पाळी आली, असं माझ्यासमोर झालेलं आहे. त्या एका गाळणीच्या पैशात पंधरा-वीस वेळा योग्य ऑइल आलं असतं.

सिंथेटिक घ्यावं का, हे रोज विचारतात. पुस्तकातला आकडा आणि अक्षरं जुळत असतील तर सिंथेटिक चांगलंच, घाटात आणि टर्बोच्या उष्णतेत ते जास्त तग धरतं. पण सिंथेटिक आहे म्हणून दोन वर्षं चालवायचं, याला काही अर्थ नाही. त्यातही पेट्रोल आणि पाणी उतरतंच. वर्षातून दोनदा बदललेलं साधं ऑइल मला जास्त पसंत आहे. ब्रँड कुठला, यावर मी भांडत नाही.

अस्सल ऑइल मिळणं हा वेगळा विषय आहे. काही वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून मी सहा डबे घेतले. लेबल, सील सगळं जागच्या जागी होतं. त्यातलं ऑइल एका टॅक्सीत टाकलं आणि तीन हजार किलोमीटरनंतर काढलं, तर पाण्यासारखं पातळ झालेलं. नशिबाने बेअरिंग वाचले, पण त्या टॅक्सीवाल्यापुढे मान वर करता येईना. त्या दिवसापासून कानाला खडा. आता मी कंपनीच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच घेतो, बिलासकट. तुम्ही गॅरेजला गेलात तर डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा स्क्रू ड्रायव्हरने भोसकून टाका. भंगारात गेलेला चांगला डबाच पुन्हा नकली ऑइलने भरला जातो. चांगला मिस्त्री याचा राग मानणार नाही.

ऑइलबरोबर फिल्टर बदलायचाच, आणि ड्रेन नटखालचं वॉशरही. वॉशर दहा-वीस रुपयांचं असतं. जुनंच लावलं की थेंब-थेंब गळायला लागतं.

पट्टी, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी सळई, कशी बघायची ते नीट सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. गाडी सपाट जागेवर हवी. आमच्या कोकणात अंगण, गल्ली, गॅरेजचं दार, सगळं उताराचं असतं, म्हणून पेट्रोल पंपाची फरशी शोधा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, वर गेलेलं ऑइल खाली उतरू द्या. पट्टी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये आणि वरच्या खुणेच्या थोडं खाली असेल तर उत्तम. कमी असेल तर पाव लिटर टाका, थांबा, परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो आणि फेसाने दाब धरत नाही. जास्त ऑइल टाकून भलं होत नाही.

रंगावरून निकाल देऊ नका. डिझेलचं ऑइल बदलून शंभर किलोमीटर झाले की काळं होतं, ते काजळीमुळे, तेच त्याचं काम आहे. वास मात्र घ्या. खेर्डीच्या एका मास्तरांची बीएस-६ डिझेल गाडी होती. ते म्हणाले, "ऑइल अजिबात कमी होत नाही, उलट भरपूर आहे." पट्टी काढली तर वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि नाकाला लावली तर डिझेलचा भपकारा. मास्तर रोज चार किलोमीटर चालवायचे. डीपीएफ जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडायची, ते काम पुरं व्हायच्या आत ते गाडी बंद करायचे आणि ते डिझेल चेंबरमध्ये उतरायचं. वाढत जाणारं ऑइल हे घटत जाणाऱ्या ऑइलइतकंच वाईट लक्षण आहे. आम्ही ऑइल बदललं आणि आठवड्यातून एकदा गुहागरपर्यंत एका लयीत जाऊन यायला सांगितलं. त्यानंतर ऑइल वाढलेलं नाही. तुमची फेरी कायमच इतकी छोटी असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका, एवढंच मी म्हणेन.

आता पेट्रोल. सगळ्यात जास्त प्रश्न इथेनॉलचे येतात. आपल्या महाराष्ट्रात ऊस पिकतो, कारखान्यांत इथेनॉल बनतं आणि आता पंपावर २० टक्क्यांचं मिश्रण, म्हणजे ई-२० मिळतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी उष्णता असते. म्हणजे २० टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के कमी. मायलेज थोडं पडलं तर तेवढ्यावरून इंजिन बिघडलं असं समजू नका. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या पेट्रोलला सोसणारे रबर आणि पाइप वापरून बनतात. त्याआधीच्या गाडीत मी दर सर्व्हिसला पेट्रोलच्या नळ्या दाबून बघतो. रबर फुगलेलं, चिकट किंवा तडकलेलं असेल तर लगेच बदलतो. पाइपपाशी पेट्रोलचा वास आला तर वाट बघू नका, आगीशी गाठ असते.

इथेनॉलचा दुसरा गुण असा, की ते पाणी ओढतं. ओढलेलं पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. पंप तिथूनच ओढतो. म्हणून गावच्या घरी गाडी ठेवून मुंबईला जाणाऱ्यांनो, गणपतीत भरलेलं पेट्रोल शिमग्यापर्यंत टाकीत ठेवू नका. पावसाळी हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा खेळते. गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर शेजारच्या भावकीतल्या कुणाला तरी पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवायला सांगा, नुसती स्टार्ट करून बंद नको. आल्यावर ताजं पेट्रोल भरा. रोजच्या गाडीतही टाकी पाव भागाच्या खाली नेऊ नका. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

महागड्या पेट्रोलचं काय? पंपावर ९५, ९७, १०० असे आकडे दिसतात. तो ऑक्टेनचा आकडा. त्याने ताकद वाढत नाही, दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटत नाही एवढंच. पुस्तकात किंवा पेट्रोलच्या झाकणावर ९१ लिहिलं असेल तर साधंच पेट्रोल भरा, वरचे पैसे ऑइल लवकर बदलण्यात घाला. टर्बो गाडीला ९५ सांगितलं असेल तर मात्र काटकसर करू नका. कुंभार्ली घाटात वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर बॉनेटखाली बाटलीत गोट्या हलवल्यासारखी खळखळ येत असेल तर आधी गिअर खाली टाका. तरीही येत असेल तर पेट्रोल किंवा इंजिन तपासायला हवं.

पंपावर संशय आला तर गप्प बसू नका. नोझल पुसून फिल्टर पेपरवर पेट्रोलचा एक थेंब टाकायला सांगा. दोनेक मिनिटांत ते उडून जायला हवं, तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय. डिझेलला ही चाचणी चालत नाही. घनता मोजून मागा, सकाळच्या नोंदीपेक्षा क्युबिक मीटरला ३ किलोहून जास्त फरक नको. माप कमी वाटलं तर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप पंपावर असतंच. हे तिन्ही मागणं तुमचा हक्क आहे. डिझेल गाडीत आणखी एक काम: फिल्टरखालच्या नटातून पाणी काढणं. पावसाळ्यात मी दर महिन्याला काढतो. काचेच्या बाटलीत धरलं की खाली पाण्याचा थर स्पष्ट दिसतो. तेच पाणी इंजेक्टरमध्ये गेलं तर हजारोंचा खर्च.

सीएनजीवाल्यांनी टाकीतलं पेट्रोलही महिन्याभरात वापरून ताजं करावं, आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (मधली फट) पुस्तकाप्रमाणे तपासून घ्यावं, कारण गॅस कोरडा जळतो.

२२ जुलै २०२१ चा पूर आम्ही विसरणार नाही. एकाच गल्लीतल्या दोन गाड्या आठवतात, दोन्ही सीटच्या वर बुडालेल्या. एका मालकाने पाणी ओसरल्यावर घाईत चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. दुसऱ्याने हात लावला नाही, ढकलत आणली. आम्ही प्लग काढले, हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढलं, टाकी रिकामी केली. चेंबरचा नट सोडला तेव्हा आधी गढूळ पाणी आणि मग दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. त्याच आकड्याचं स्वस्त ऑइल भरून, थोडा वेळ चालवून, दोनदा काढलं, दर वेळी फिल्टर नवा, मग चांगलं ऑइल भरलं. ती गाडी आजही धावते आहे. पूर नसतानाही झाकणाखाली किंवा पट्टीवर असा चहाचा रंग दिसला तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळत असावं असं समजा आणि गाडी तिथेच उभी करा.

डोंबिवलीच्या दादांना कुणीतरी इंजिन फ्लशची, म्हणजे आतली घाण सोडवणाऱ्या रसायनाची, बाटली टाकायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. इतकी राप एकदम सुटली तर तिचे तुकडे ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतात आणि इंजिनाचा घास अडकतो. आम्ही चेंबर उतरवलं, जाळी साफ केली. ती अर्धी बुजलीच होती. पुस्तकातलं ५डब्ल्यू-३० एसपी भरलं आणि दीड-दीड हजार किलोमीटरवर दोनदा बदलायला सांगितलं, फिल्टरसकट. दाराच्या आतल्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी लावली. शिवाय रविवारी स्टेशनऐवजी कर्जतपर्यंत जाऊन यायची सवय लावून घ्यायला सांगितलं.

यंदा शिमग्याला ते आले. झाकण उघडून मी पुन्हा बोट फिरवलं. कडेला थोडी जुनी राप अजून होती, पण बोटाला लागलं ते मधासारखं तपकिरी, वाहतं ऑइल. सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं, लाल दिवा लगेच विझला. एक टॅपेट अजून वाजतो. तो पुढच्या गणपतीला बघायचं ठरलंय.